इंद्रजितच्या नावाची नळी

मित्रांनो, बसायला जागा नाही म्हणून माझ्यावर बसू नका. माझं झाकण एका बाजूनं आधीच चेपलंय. दोन वर्षांखाली एक साहेब आमच्या आरोग्य उपकेंद्राच्या तपासणीला आले, खुर्ची येईस्तोवर माझ्यावर टेकले आणि जाताना शेरेबुकात लिहून गेले, 'साहित्याची निगा राखावी.'

मी एक थंड डबा. अंग निळं, झाकण पांढरं, आणि वय म्हणाल तर माझ्या बरोबरीचे सगळे कधीच भंगारात गेले. पोटात बर्फाच्या चार चपट्या बाटल्या उभ्या करायच्या, मधल्या जागेत माल ठेवायचा, झाकण दाबायचं. मग बाहेर वैशाख पेटलेला असला तरी माझ्या आत पौष असतो. माझा पट्टा तुटून जमाना झाला. त्या जागी रसूलभाईंनी सुताची दोरी बांधलीय. रसूलभाई म्हणजे मला मोटारसायकलवर वाहून नेणारा माणूस. पन्नाशी उलटलेला, बडबड्या, आणि मला 'म्हाताऱ्या' म्हणणारा. स्वतःच्या दाढीकडे त्याचं लक्ष नाही.

माझा जन्म साच्यातला. एका दिवसात माझ्यासारखे शेकडो निघाले, सगळे एका रंगाचे, एका मापाचे. माझा बाप कोण, आजी कुठली, असला प्रश्नच नाही. म्हणूनच असेल, माणसाचं नाक आज्यावर जातं, चाल मावशीवर जाते, याचं मला लई नवल वाटतं.

तारुण्यात मी लशी वाहिल्या. माकणी धरणाच्या कडेच्या वस्त्या, उसाच्या फडातल्या कोप्या, कुठं कुठं गेलो. जीप असेल तर जीपमध्ये, नसेल तर नर्सबाईंच्या खांद्यावर. तुमच्यातले कितीतरी जण माझं तोंड दिसलं की मोरीत जाऊन लपायचे. मला राग नाही. एका साली तर पोलिओच्या दिवशी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला, फोटो काढला. फोटोत माझ्याशेजारी जे पुढारी उभे होते त्यांनी त्याआधी मला कधी उचललं नव्हतं, त्यानंतरही नाही.

मग नवे डबे आले, आणि मला मोडक्या खाटेमागं, फिनेलच्या डब्यांशेजारी ढकललं. पालीनं माझ्या बुडाशी अंडी घातली. एकदा कुणीतरी मला लग्नात नेलं आणि माझ्यात मठ्ठा भरला. मित्रांनो, जीव वाचवायची लस वाहिलेल्या डब्यात कोथिंबीर घातलेला मठ्ठा! धुवायचीही तसदी घेतली नाही. आंबूस वास आठ महिने माझ्या पोटात होता.

पुढं एक दिवस रसूलभाईंनी मला बाहेर ओढलं, खडे मीठ आणि चुन्याच्या निवळीनं घासलं, उन्हात वाळवलं. गावोगावच्या गरोदर बायांचं रक्त जिल्ह्याच्या लॅबला न्यायचं होतं. नेहमीच्या तपासण्या तर होत्याच, शिवाय एक नवी होती. तिचं नाव थॅलेसेमिया. रसूलभाईंची जीभ तीनदा घसरली. चौथ्यांदा ते म्हणाले, "ते आपलं रगताचं."

अनिसा सिस्टर ते सोपं करून सांगायच्या. त्या भूमकडून बदलून नुकत्याच आलेल्या होत्या. बारीक अंगाच्या, पण आवाज असा की चारही गल्ल्यांना ऐकू जावा. लिंबाखाली बाया बसायच्या, मी मध्ये.

"हा आजार कुणापासून लागत नाही. तो रक्तातून, घरातून येतो," त्या सांगायच्या. "नवरा-बायकोत एकाकडंच हा गुण असला तर काही बिघडत नाही. तो माणूस धडधाकट राहतो, म्हातारा होऊन मरतो. पण दोघांकडं असला, तर दर बाळंतपणाला देव चार चिठ्ठ्या टाकतो म्हणा. त्यातली एक जड. ती ज्या लेकराला लागली त्याचं रक्त अंगात टिकत नाही. दर महिन्याला दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं. जन्मभर."

"आन चिठ्ठी आधी उघडून बघता येती का?" एकीनं विचारलं.

"येते. पुण्याला. पण पाचवा महिना लागायच्या आत कळलं तर बरं. म्हणून तर हा डबा फिरतोय."

सगळ्या जणींनी माझ्याकडं बघितलं. हार घातला होता त्या दिवशीही मला एवढं मोठं वाटलं नव्हतं.

त्याच दिवशी हर्षाली आली. एकवीस वर्षांची, दोन महिने झालेले, पहिलीच खेप. तिची नळी माझ्या पोटात ठेवली तेव्हा तिनं झाकणावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "नीट ने रे बाबा."

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्याशी कुणी बोललं असेल तर ते फक्त रसूलभाई. त्यातल्या निम्म्या शिव्या. मी त्या दिवशी रस्त्यातला प्रत्येक खड्डा अंगावर घेतला, पण नळी हलू दिली नाही.

दहा दिवसांनी कागद आला. हर्षालीच्या रक्तात तो गुण होता. तिला स्वतःला काही धोका नव्हता. आता नवऱ्याचं रक्त बघायला हवं होतं, एवढंच.

कागद घ्यायला तिची सासू द्वारकाबाई आली होती. उंच, ताठ, कपाळावर भस्माची बोटं, हातात पिशवी. नात्यानं ती हर्षालीची सख्खी आत्या. सोमलिंग हा तिचा पाठचा भाऊ, आणि हर्षाली त्याची लेक. आमच्याकडं ही रीत जुनी आहे. मामाची पोरगी भाच्याला द्यायची, म्हणजे लेक घरातल्या घरात राहते.

"भावाची पोरगी म्हणून न पारखता आणली," द्वारकाबाई म्हणाली, "आन बघा, खोट निघाली."

"खोट नाही मावशी, गुण म्हणा," सिस्टर म्हणाल्या. "आता इंद्रजितरावांना बोलवा. मंगळवारी रक्त घेते."

"त्यो पुण्याला कंपनीत हाय. सुट्टी कोण देतंय?"

"एका दिवसाची मिळते. लेकराचा प्रश्न आहे."

द्वारकाबाईनं कागदाची चौघडी करून पिशवीच्या तळाशी घातली, आणि वर मेथीची जुडी ठेवली.

मंगळवारी ती आली, सोबत तरणा गडी. गावच्या आशा कार्यकर्त्या शांताक्का त्या दिवशी तालुक्याला मिटिंगला गेलेल्या. त्या असत्या तर काहीच घडलं नसतं, कारण शांताक्कांना गावातली शेळीसुद्धा तोंडावरून ओळखू येते. अनिसा सिस्टर नव्या होत्या. इंद्रजितला त्यांनी कधी बघितलंच नव्हतं.

मी ओट्यावर होतो. तो गडी येऊन माझ्याशेजारी बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "आई, दादाच्या नावानं माझं रगत? मला हे बरं वाटंना."

"गप बस उत्कर्ष. दोघं एकाच कुशीतले. रगत काय येगळं असतंय व्हय? त्याचा खाडा पडंल, पगार कापतील. आन तुझं लगीन व्हायचंय. घरात रगताची भानगड हाय असं बाहेर गेलं तर पोरगी देईल का कोण?"

"मग माझं घेऊन तरी काय..."

"तुझं चोख हाय. तुला कधी साधा ताप न्हाय."

आत आधार कार्ड इंद्रजितचं दिलं. त्यावरचा फोटो असा, की त्यात इंद्रजितही बसावा, उत्कर्षही बसावा आणि ओढूनताणून रसूलभाईही. सुई टोचली, नळी भरली, चिठ्ठी चिकटली. चिठ्ठीवर नाव इंद्रजित, आत रक्त उत्कर्षचं. सिस्टरनी झाकण दाबलं आणि मी चाललो.

मला खरं माहीत होतं. नळीलाही माहीत होतं. पण आम्हा दोघांना तोंड नाही. ज्यांना तोंड होतं त्यातलं एक गप्प बसवलं होतं आणि दुसरं खोटं बोललं होतं. मी आयुष्यात बर्फ वाहिला, लस वाहिली, मठ्ठासुद्धा वाहिला. खोटं पहिल्यांदाच वाहिलं. त्याचं वजन दोरीला कळत नाही.

कागद आला, 'दोष आढळला नाही.' सिस्टरनी निश्चिंत होऊन तो फाइलीला लावला. द्वारकाबाईनं गावात पेढे वाटले नाहीत एवढंच. पण घरात तिनं काय चालवलं ते हर्षाली गोळ्या न्यायला आली तेव्हा कळलं. पोरीचे डोळे सुजलेले.

"काय झालं ग?" सिस्टरनी विचारलं.

"काय न्हाय. आत्या म्हणतात, माझं पोरगं चोख, खोट तुझ्यातच. जेवायला बसलं की तेच. घास उतरत न्हाय."

आता मी जरा स्पष्ट बोलतो, मित्रांनो. राग आला तर येऊ द्या. बाईच्या रिपोर्टवर एक रेघ आली की अख्खी गल्ली ती वाचते. नवऱ्याच्या रक्ताची पाळी आली की मात्र कार्ड एकाचं, दंड दुसऱ्याचा. मूल होत नाही, दोष बाईचा. मुलगी झाली, दोष बाईचा. आणि रक्त? ते तर दोघांच्या आजा-पणज्यांकडून आलेलं, कुणी मागून घेतलेलं नाही, तरी दोष बाईचाच. लग्नाला पंचांग बघता, मानपान बघता, विहिरीचं पाणी बघता. चमचाभर रक्त बघायचं म्हटलं की तुमची इज्जत जाते. जाऊ द्या की एकदाची.

असो. मी दिवस मोजत होतो. हर्षालीला तीन महिने झाले. चौथा लागला. पाचव्याच्या आत, असं सिस्टर म्हणाल्या होत्या.

एका दुपारी आम्ही पुढच्या वाडीवरून नमुने घेऊन परत येत होतो. ऊन मी म्हणत होतं. सिस्टर म्हणाल्या, "रसूलभाई, हर्षालीला गोळ्या देऊन जाऊ. डबा आत घ्या, उन्हात बर्फ विरघळेल." म्हणून मी त्या घरात गेलो. नाहीतर दारातच राहिलो असतो.

रसूलभाईंनी मला ओसरीवर भिंतीला टेकवलं. चहा आला. सिस्टरनी बशीत ओतला, फुंकर मारली, आणि त्यांचे डोळे भिंतीवर गेले. तिथं चौकटीत एक रंगीत कागद लावलेला होता. सोनेरी महिरप, लाल थेंबाचं चित्र.

"हे काय मावशी?"

द्वारकाबाईचा ऊर भरून आला. "आमच्या इंद्राला भेटलंय. कंपनीत रगतदान केलं त्यानं. एकदा न्हाय, दोनदा! भ्यायचं म्हणून न्हाय सुईला."

सिस्टर उठल्या. चौकटीजवळ गेल्या. मग बशी तशीच खाली ठेवून पिशवीतून फाइल काढली, एक पान उलटलं, दुसरं उलटलं. आमच्या लॅबचा शिरस्ता असा, की नमुना गेला की रक्तगटही लिहून येतो.

"मावशी, इथं भिंतीवर लिहिलंय रक्तगट ओ. माझ्या कागदावर इंद्रजितरावांचा गट आहे बी. माणसाचा गट मरेपर्यंत बदलत नाही. मी रक्त कुणाचं घेतलं?"

 रसूलभाई चहा प्यायचे थांबले, हे मी पहिल्यांदा बघितलं.

"माझं," आतून आवाज आला. उत्कर्ष दारात उभा होता. "माझं घेतलं सिस्टर. चुकलं आमचं."

"काय चुकलं?" द्वारकाबाई उसळली. "एकाच कुशीतली दोन पोरं. मीच जन्माला घातलीत. रगत येगळं कसं असंल?"

सिस्टरनी फाइल मिटली, आवाज खाली आणला. "मावशी, तुमच्या गाईला दोन वासरं झाली. गोठ्यात बघा. एक तांबडं आहे, एक पांढरं. कूस तर एकच होती ना?"

द्वारकाबाईनं गोठ्याकडं बघितलं. बघायची गरज नव्हती, तरी बघितलं.

तेवढ्यात हर्षाली स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आली. एक हात पोटावर. ती ओरडली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "आत्या, मी तुमच्या सख्ख्या भावाची लेक. माझ्या रगतात खोट हाय म्हणता, मग ती कुणाच्या घरातून आली? माझ्या बापाच्या आन तुमच्या घरातूनच न्हव का?"

मित्रांनो, मी फार आवाज ऐकलेत. लेकरांचं रडणं, साहेबांचं खेकसणं. पण इतक्या हळू विचारलेला इतका मोठा प्रश्न मी ऐकला नाही.

द्वारकाबाई हळूहळू खाली बसली. माझ्याशेजारीच. तिचा हात माझ्या झाकणावर पडला, आणि तो हात थंड होता, माझ्यापेक्षाही.

"मला एक बहीण व्हती," ती म्हणाली. "रुद्रम्मा. माझ्यापरास धाकली. कडेवर मीच घेऊन हिंडायची. भाकरीच्या पिठावानी पांढरी पडत गेली. पोट मोठं, हातपाय काड्या. कुणी म्हणलं नजर लागली, कुणी म्हणलं देवीचा कोप. चार वर्सांची झाली आन एका सकाळी उठलीच न्हाय." तिनं सिस्टरकडं बघितलं. "आमची आई बी आमच्या बापाच्या मामाचीच लेक व्हती. सिस्टर, ते हेच व्हतं का वो?"

"असू शकतं मावशी. आता सांगता नाही येणार."

"मला वाटायचं, नाव काढलं न्हाय तर ते परत येणार न्हाय. म्हणून कुणाजवळ बोलले न्हाय. सोमलिंग तवा पाळण्यात, त्याला तर ती आठवत बी न्हाय."

हर्षाली आली आणि आत्याच्या पाठीशी बसली. पाठीवर हात ठेवला. इतके दिवस टोमणे ऐकलेल्या पोरीनं तो हात का ठेवला, ते मला विचारू नका. मी डबा आहे. मला थंडी कळते, ऊब फक्त जाणवते.

"मग आता काय करायचं?" द्वारकाबाईनं विचारलं.

"इंद्रजितरावांना बोलवा. खरे इंद्रजितराव," सिस्टर म्हणाल्या. "वेळ आहे. थोडा आहे, पण आहे."

तिसऱ्या दिवशी इंद्रजित आला. उपकेंद्राच्या ओट्यावर भावाला बघून म्हणाला, "बारावीला इंग्रजीचा पेपर माझ्या जागी दे म्हणलं तवा दिला न्हाईस, आन रगत दिलंस व्हय?" उत्कर्ष हसला. मग दोघंही हसायचे थांबले.

इंद्रजितची नळी भरली. चिठ्ठी चिकटवण्याआधी सिस्टरनी शांताक्कांना हाक मारली. "बघा हो, हेच ना ते?" शांताक्कांनी त्याला खालून वर बघितलं. "हेच. लहानपणी माझ्या दारातली पपई चोरायचा."

मग द्वारकाबाई पुढं झाली. पदर सारून दंड उघडा केला. "माझं बी घ्या. लोकांना कळू दे, कुठून आलंय ते."

फॉर्मवर एक ओळ असते, 'घरात पूर्वी कुणाला असा आजार.' त्या ओळीपाशी सिस्टरचं पेन थांबलं. द्वारकाबाई म्हणाली, "तिचं नाव लिहा की. तिचं नाव कुठल्याच कागदावर न्हाय. जन्माचा दाखला न्हाय, मेल्याचा न्हाय."

सिस्टरनी लिहिलं, 'बहीण रुद्रम्मा, वय चार वर्षे.' द्वारकाबाईला वाचता येत नाही. तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्यातलं रु कुठलं?" सिस्टरनी दाखवलं.

दोन्ही नळ्या शेजारीशेजारी घेऊन मी निघालो. 

इंद्रजितच्या रक्तात तो गुण निघाला. द्वारकाबाईच्याही. नवरा-बायको पुण्याला गेली. पोटातल्या पाण्याची तपासणी झाली. पुढचे वीस दिवस द्वारकाबाई दर सोमवारी उपकेंद्राच्या पायरीवर येऊन बसायची. एकदा हर्षालीला खोबऱ्याची वडी आणून आपल्या हातानं भरवताना मी बघितलं. ती म्हणाली, "खा पोरी, घास उतरू दे." माफी मागायची तिला सवय नव्हती. तिनं वडी दिली.

एका सकाळी रसूलभाई माझ्या पोटात बर्फ रचत होते. अचानक थांबले, झाकणावर थाप मारली. "म्हाताऱ्या, फोन आला. लेकरू आईवर गेलंय. गुण हाय, आजार न्हाय. चिठ्ठी हलकी लागली!" आणि त्या पन्नाशीच्या माणसानं माझ्या चेपलेल्या कोपऱ्यावर डोकं टेकलं.

चिठ्ठी जड लागली असती तर? तर काय करायचं ते त्या दोघांनी ठरवलं असतं, डोळे उघडे ठेवून. ते ठरवणं माझं काम नाही, सासूचं नाही, आणि गावाचं तर मुळीच नाही. कळणं हा त्यांचा हक्क होता, आणि तो आम्ही एकदा हुकवला होता. भिंतीवरच्या एका चौकटीनं वाचवलं. मित्रांनो, दर घराच्या भिंतीवर चौकट नसते.

आता हर्षालीची पोर सात महिन्यांची आहे. नाकानं आज्जीवर गेलीय. लसीच्या दिवशी द्वारकाबाई तिला घेऊन येते आणि माझ्यावर बसवते. तिचं वजन मला चालतं. उत्कर्षचं लग्न ठरलं. मुलीकडच्यांना द्वारकाबाईनं स्वतः सांगितलं, "आमच्या घरात हे असं हाय. ह्याचं तपासलेलं हाय, चोख निघालंय. तुमच्या लेकीचं बी बघून घ्या." मुलीच्या बापानं आधी तोंड वाकडं केलं, मग मंगळवारी लेकीला घेऊन आला. लिंबाखालच्या रांगेत एखादी सासू कुरकुरली की द्वारकाबाई तिला गोठ्यातल्या दोन वासरांची गोष्ट सांगते. आपली म्हणून सांगते.

मी किती दिवस टिकेन ठाऊक नाही. बुडाला चीर गेलीय. एक दिवस पुन्हा खाटेमागं जाईन, पाल पुन्हा अंडी घालील. त्याचं दुःख नाही. तुमच्याकडं मागायचं ते एवढंच. मला धुऊन, वाळवून ठेवा. माझं झाकण नीट दाबा. पट्टा नसला तर दोरी चालेल. घरात कुणी रुद्रम्मा होऊन गेली असेल तर तिचं नाव काढा, लपवू नका. आणि माझ्या पोटात जी नळी ठेवाल, तिच्यावर नाव खरं लिहा. पुढची वाट कितीही खड्ड्यांची असो, थंडी मी राखीन.